बसऱ्याचा कोट

"बघायचं, ओळखायचं, नि गप बाहेर यायचं," राजवाड्याचा चढ चढताना माघ्या पुन्हा बजावत होता. "रडारड करायची तं पोशेऱ्याला जाऊन करा. आथं नको."

"रडतंय कोण?" रुपी म्हणाली. "मी तं हसायला चाललेय."

आणि उगाच हात वर करून तिने पदर सारखा केला. पदर सरळच होता. माघ्याला बांगड्या ऐकवायच्या होत्या, बाकी काही नाही. मनगटभर हिरव्या बांगड्या. तीन वर्षांत बाईने एक उतरवली नव्हती. कामात एखादी फुटली तर मोखाड्याच्या बाजारातून दुसरी भरून यायची. शेजारून चालणाऱ्या पोशीचे हात मात्र मोकळे होते. पाटलाने अंगणात उभं राहून 'ढवळू लढाईत कामी आला' म्हणून सांगितलं, त्या दिवशीच पोशीने आपल्या बांगड्या उंबऱ्यावर फोडल्या होत्या. रुपीने उलट पाटलालाच विचारलं होतं, "तू बघलास?" आता पाटील कुठला बघणार! बसरा कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा त्या बिचाऱ्याला सांगता येत नव्हतं.

तेव्हापासून एका छपराखाली एकाच नवऱ्याच्या दोन बायका, थोरली सवाष्ण आणि धाकटी रांडव. पोशेऱ्यातले लोक यावर हसून झाले, हळहळून झाले, शेवटी कंटाळले. माघ्याला कंटाळून चालणार नव्हतं. तो ढवळूचा धाकटा भाऊ. त्याची स्वतःची बायको बाळंतपणात गेलेली. पोशीशी पाट लावायचा, तिच्या पोटचं भावाचं पोर पदरात घ्यायचं, असं त्याने मनाशी धरलं होतं, आणि पोशीने 'नाय' म्हटलं नव्हतं. पण पंच अडून बसले. "एक बायको नवरा जिता हाय म्हणते, तंवर दुसरीचा पाट लावायचा कसा? उद्या ढवळू दारात उभा राहिला तं?"

मग यंदा दसऱ्याला जव्हारच्या राजवाड्यातला शिलेखाना सगळ्यांना बघायला खुला होणार आणि तिथे ढवळूचा लढाईतला कोट मांडलाय, अशी बातमी आली. माघ्याने दोघींना पुढे घातलं. कोट बघितला की रुपीला बांगड्या उतरवाव्याच लागतील. मग दिवस घालायचे, पाट लावायचा आणि रुपीला सूर्यमाळला तिच्या भावाकडे पोचती करायची. पोर नाही, नवरा नाही, तिला घरात ठेवायची कशाला? तिचा भाऊ काही बोलला नव्हता. भावजय मात्र आधीच बोलून बसली होती, "उन्हाळ्यात आमालाच हंडाभर पाणी मिळत नाय, त्यात आणखी एक तोंड!"

रुपीला हे सगळं ठाऊक होतं. नवरा जिता तंवर तिची चूल जिती. म्हणून तर ती एवढ्या जोरात हसायला निघाली होती.

*

शिलेखाना म्हणजे राजवाड्याच्या डाव्या अंगाचं हत्यारांचं लांबलचक दालन. दसऱ्याची गर्दी. पागोट्यात आपट्याची पानं खोवलेले बापे, पोरं काखेत मारलेल्या बाया, सगळे एकमेकांच्या टाचा तुडवत सरकत होते. दारातच तुका हवालदार वेताची छडी घेऊन उभा. म्हातारा, पण आवाज असा की भिंतीवरच्या ढाली हलाव्यात.

"हात मागं! डोळ्यांनी बघा, बोटांनी नको! ए बाई, ती तोफ हाय, पोराला त्यावर बसवायचं नाय!"

माघ्या बघत चालला होता. तलवारी, भाले, पट्टे, ठासणीच्या बंदुका. एका खणात जर्मनाचं टोकदार टोपडं ठेवलं होतं, त्याच्याभोवती पोरांचा घोळका. पण माघ्याचं लक्ष तिकडे नव्हतं. पुढे दालनाच्या टोकाला एका लाकडी ओट्याभोवती लोक दाटले होते आणि त्यातले काही जण चक्क हात जोडत होते. कोणीतरी नारळही ठेवला होता.

"तो कोण?" गर्दीमागोमाग आत आलेल्या हवालदाराला माघ्याने विचारलं, उत्तर माहीत असून.

"तो? आपल्या संस्थानाचा गडी. पोशेऱ्याचा ढवळू," हवालदार छाती काढून म्हणाला. "खेचरं हाकायला गेला बसऱ्याला. गोळ्यांच्या पावसात घायाळ सोजिरांना खेचरावर घालून आणलं त्यानं. आणता आणता गेला. बिल्ला बघ कसा झळकतोय. तू कुठला रं?"

"पोशेऱ्याचाच."

"मंग तं तुझ्या गावाचं नाव राखलं त्यानं! तुझा कोण लागतो?"

"भाऊ," माघ्या म्हणाला, आणि त्याला वाटलं आपण हे कुणाची तरी उसनी चीज परत करावी तसं म्हणालो.

लगेच चार माणसं वळून त्याच्याकडे बघू लागली. मग पुन्हा वळून ओट्याकडे. जन्मभर हेच! बोहाड्यात दादाने भीमाचा मुखवटा घालून नाचायचं आणि माघ्याने मागून मशाल धरायची. भीम नाचला की गाव ओरडायचं, मशालीचं तेल हातावर सांडून कोण भाजलं ते कोणी विचारायचं नाही. बायका दादालाच दोन. आणि आता मेला तरी मानाला तोच! तीन वर्षं शेत कोणी नांगरलं? राब कोणी भाजला? नाचणी कोणी झोडपली? त्याचा बिल्ला कुठे आहे?

गर्दी बाजूला झाली आणि तिघं ओट्यासमोर आली.

ओट्यावर पेंढा भरून उभा केलेला बाहुला होता. अंगात मातकट रंगाचा कोट, छातीवर बिल्ला, कमरेला पट्टा. चेहरा गणपती घडवणाऱ्या कोणीतरी केला असावा. गुलाबी गाल, रंगवलेले डोळे आणि ओठावर भलीमोठी पिळदार मिशी.

आणि मग रुपी खरोखरच हसली. तोंडाला पदर लावून, अंग हलवून हसली.

"आगं बया! ह्यो ढवळू? आमच्या ढवळूला मिशी कवा फुटली? आणि रंग तं बघा, सायबासारखा!"

"वयनी, गप," माघ्या दात आवळून म्हणाला. "चेहरा मातीचा हाय. कोट बघ."

"कोट काय बघू? असले कोट सरकार ढिगानं देतं. ह्याच्यावर नाव लिवलंय का ढवळूचं? मी नाय वळखत. जा, सांग पंचांना, रुपी म्हणते ह्यो माझा नवरा नाय."

तिने हात झटकले. बांगड्या वाजल्या. आणि माघ्या काय करणार? कोट त्यानेही आधी बघितला नव्हता. तीस कोसांवरून मडकं डोक्यावर आणावं आणि दारात फुटावं, तसं त्याचं तोंड झालं.

*

हे सगळं पोशी ऐकत होती, पण तिची नजर बाहुल्याच्या पट्ट्यावर खिळली होती.

पट्ट्याला एक चंची लटकत होती. तंबाखू-चुन्याची, दोरीने आवळायची, साधी कापडाची चंची. कापड मळून काळपट झालेलं, पण कडेला लुगड्याचा काठ उठून दिसत होता. पोपटी काठ, त्यात कुसुंबी रेघ.

पोशीला तो काठ माहीत होता. रुपीच्या सणाच्या लुगड्याचा. ढवळू लढाईला गेला त्याच सुमाराला त्या लुगड्याचा वीतभर तुकडा गेला होता, आणि पोशीने विचारलं तेव्हा रुपी म्हणाली होती, "उंदरानं खाल्ला."

उंदीर! अस्सा उंदीर!

पोशीच्या अंगाचा भडका उडाला. ढवळू निघाला तेव्हा ती शिवेपर्यंत त्याच्या मागे गेली होती. "माझं काय नेतोस?" तिने विचारलं होतं. तो म्हणाला होता, "काय नको. सामान वाढतं." सामान वाढतं! आणि कमरेला थोरलीच्या लुगड्याचा तुकडा बांधून गेला, दिवसातून धा वेळा बोटं घालायला! ती बिल्ला विसरली, गोळ्या विसरली, तो मेला हेसुद्धा विसरली. एवढंच कळत होतं की तो तिच्याशी खोटं बोलला आणि ही भवानी तीन वर्षं आपल्याशी.

अक्कल असती तर गप बसली असती. रुपी 'नाय वळखत' म्हणत होती, म्हणू द्यायचं. पण जळत्या जीवाला अक्कल कुठली सुचते?

"मंग ती चंची कोणाची गं?" पोशी ओरडली. "ती कोणाच्या लुगड्याची? उंदरानं बसऱ्याला नेली काय?"

रुपीने बघितलं.

तिचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण आत काही उरलं नाही. ती पुढे झाली. हवालदार "हात नको, हात नको" करेपर्यंत तिने चंची बोटांत धरली होती. दोरीच्या टोकाला तिने स्वतः गाठ मारली होती, आतून तिरका टाका घातला होता, कोणाला दिसू नये म्हणून कंदील झाकून. टाका तिथेच होता. काठावर एक काळपट डाग होता. तो पानाचा नव्हता.

ज्याने या चंचीशिवाय तंबाखू मळला नसता, त्याने ती जितेपणी कोणाला दिली नसती. रुपीला कळलं. तीन वर्षं पाटील, पंच, दीर, सवत यांना जे कळवता आलं नाही, ते त्या बोटभर टाक्याने कळवलं.

ती खाली बसली नाही, कोसळली. केस सुटले. छातीतून हूं, हूं असा आवाज येऊ लागला आणि अंग घुमायला लागलं.

"वारं आलं! वारं आलं बाईला!" मागे एकच गलका झाला. लोक सरकले, गोल झाला. एका म्हातारीने कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन रुपीच्या कपाळी लावलं. हवालदाराने छडी काखेत मारली आणि टोपी काढली.

"कोण हायस?" म्हातारीने विचारलं. "सांग, कोण हायस?"

"घरचाच हाय." आवाज जाड होता, बापयाचा.

"नाव सांग!"

"माघ्याला विचार. बोहाड्यात माज्या मागं मशाल धरायचा."

लोकांनी माघ्याला पुढे ढकललं. तो बाहुल्याकडे बघावं की वयनीकडे, अशा घोटाळ्यात गुडघ्यावर बसला.

"दादा?"

"तीन वर्सं झाली, माघ्या. माज्या नावाचा दगड नाय उभा केलास. उघड्यावर फिरतोय मी."

"करतो, दादा. शिवेवर उभा करतो. शेंदूर लावतो, कोंबडं देतो. काय म्हणशील ते."

"दिवा रुपी लावील. घरात राहील, तिच्या चुलीवर रांधील. तिची चूल मोडशील तं तुझी मोडीन."

"नाय मोडणार," माघ्या जमिनीला हात लावून म्हणाला, सगळ्यांदेखत. मनात मात्र आलंच, की पेंढ्याचा झाला तरी दादाचंच चालतं.

आणि पोशी? तिचं काय चाललं होतं सांगू? तिला वाटत होतं, यायचं होतं तर माझ्या अंगात का नाही आला? मेल्यावरही तिचंच अंग? दगड तिचा, दिवा तिचा, चंची तिची! तिला राहवेना. गर्दीतून वाट काढत ती पुढे आली.

"आणि मी?" तिचा आवाज फाटला. "माझ्यासाठी काय नाय तुझ्याकडं?"

रुपीचं घुमणं थांबलं. केसांच्या आडून दोन डोळे पोशीवर टेकले. मग तो जाड आवाज एकदम हळू झाला.

"करवंदे," तो म्हणाला, "तू सुखानं पाट लाव."

पोशी रडत खाली बसली. ते नाव या जगात दोघांनाच माहीत होतं. तिला आणि ढवळूला.

*

परतीच्या वाटेवर ओढा लागला तिथे तिघं थांबली. माघ्या तंबाखू काढून वरच्या अंगाला जाऊन बसला. त्याला बायकांकडे बघवत नव्हतं.

रुपीने पाण्याकाठचा एक खडक निवडला आणि मनगट त्यावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. मग दुसरं. हिरव्या काचा पाण्यात पडल्या आणि वाहून गेल्या. हातावर ओरखडे उठले, रक्त आलं. ती रडली नाही. ढवळू वीर होऊन अंगात बोलला म्हणजे तो मेलेला, हे तिने आज आपल्या तोंडाने सगळ्या जव्हारला सांगितलं होतं. आता बांगड्या ठेवून काय करायचं?

पोशी जवळ येऊन बसली. तिचे डोळे सुजले होते, पण चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला रुपीची कीव आली, आणि कीव करायला मिळाली की माणूस बोलकं होतं.

"दे हात, धुते." तिने पाण्यात पदर भिजवला. "बाय, मना राग नाय आता. चंची तुझी असू दे. दिवा तूच लाव. तुला काय सांगू, त्यानं मना जी हाक मारली ना... तुला नाय ठावं त्याचं. उतारावर करवंदाच्या जाळीपाशी त्यानं ठेवलं ते नाव. मी काळी, म्हणून. दुसऱ्या कोणाला कवा म्हटलं नाय त्यानं."

रुपीने हात पुढे केला.

तिने गप राहायलाच हवं होतं. सगळं जमलं होतं. माघ्या शब्दात अडकला होता, घर राहिलं होतं, चूल राहिली होती. नुसतं हूं म्हणायचं आणि चालू लागायचं. शहाणी बाई तेच करते.

"मरतानापण मीच आठवले असेन," पोशी म्हणाली.

झालं!

"मनापण तेच म्हणायचा," रुपी म्हणाली.

"काय?"

"करवंदे. मना तेच म्हणायचा. तू घरात यायच्या आधीपासून. तू काळी म्हणून, मी आंबट म्हणून."

पोशीच्या हातातला पदर पाण्यात पडला.

"तू आल्यावर मी पडवीत निजायचे. मधी नुसता कुड व्हता, शेणानं लिपलेला. पहिल्या रात्री त्यानं तुला ती हाक मारली नि मी उठून बसले. मना वाटलं मनाच हाक मारली."

"म्हंजे आज..." पोशीचे डोळे मोठे झाले. "म्हंजे वारं नव्हतं! सोंग केलंस तू! देवाधर्माचं सोंग!"

"चंची हातात घेतली तवा काय झालं मना ठावं नाय. तो आवाज माझा नव्हता, मी शप्पथ घेईन. दगडाचं बोलला तो तोच असंल. पण चुलीचं बोलले ती मी व्हते. माझी मी बोलले. सूर्यमाळला भावजयीच्या दारात कुत्र्यासारखी नाय बसणार मी."

"आणि माझं नाव?"

"तुझं नाव नाय घेतलं असतं तं तू गप बसली असतीस? तुला पटवायला म्हणलं. पण ते तोंडातून बाहेर काढताना जीभ जळली माझी, पोशे. त्याच्या आवाजात तुला ती हाक मीच मारली, ह्या माझ्या तोंडानं!"

पोशी ताडकन उठली. तिचा सगळा संताप पायांत आला होता.

"आत्ता सांगते माघ्याला. आत्ता! परवा सूर्यमाळच्या चढावर असशील तू, गाठोडं घेऊन."

"सांग," रुपी म्हणाली. रक्ताळलेली मनगटं मांडीवर ठेवून ती बसून राहिली. "सांगायचंच व्हतं तुला. नायतं गप बसले असते. पण तू एकटी करवंद झालीस नि मी नुसती दिवा लावणारी, ते नाय मना सोसलं."

पोशीला बोलायचं होतं, शिव्या द्यायच्या होत्या. पण मनात भलतंच आलं. त्या रात्री कुडाच्या या बाजूला ती लाजून 'हळू बोल, ती ऐकल' म्हणाली होती, आणि तो हसला होता. म्हणाला होता, 'निजली असंल ती.' आणि ती तर पलीकडे उठून बसली होती. ढवळूला दोन बायकांसाठी दोन नावंसुद्धा सुचली नाहीत. आणि आपण त्या एका नावावर तीन वर्षं जगलो, हीपण त्याच नावावर जगली. दोघींनी एकमेकींपासून लपवून.

वरच्या अंगाला माघ्या उठला. त्याच्याही मनात दिवसभर काहीतरी शिजत होतं. शिलेखान्यात ऐकलेला तो शब्द त्याला सोडत नव्हता. दादाचं शेत त्याच्याकडे आलं, दादाचं पोर येणार, दादाची बायको येणार, मग ती हाक तेवढी दादाकडे का राहावी? त्याने घसा साफ केला. जिभेवर घोळवून बघितली आणि मोठ्याने मारली.

"करवंदे! चल की, दिवस कलला!"

खाली ओढ्याकाठी दोन्ही बायकांनी एकदमच मान वर केली.

दुसरीनेही मान वर केली, हे दोघींनाही कळलं. रुपीने मान पुन्हा खाली घातली. पोशी तशीच उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"माघ्या," ती म्हणाली, "त्या नावानं पुन्हा हाक मारलीस तं पाट लावणार नाय मी. पंच येऊ दे, नायतं तुझा बाप येऊ दे."

"आगं, का? दादानं मारलेली चालते, मी मारली तं..."

"दादाचं नाय ते. ते आमचं नाव हाय."

"आमचं?" माघ्या गोंधळला. "आमचं म्हंजे कोणाचं?"

ओला पदर पिळून पोशी खाली वाकली आणि तो तिने रुपीच्या मनगटाभोवती घट्ट दाबून धरला.

"ऊठ बाय," ती म्हणाली. "आपलं घर अजून लांब हाय."